पिंगलेची झोप



आजचं वाचन : श्रीमद्भागवत, स्कंध ११, अध्याय ८, श्लोक २२ ते ४४.

अवधूताच्या चोवीस गुरूंपैकी आज सतरावा. पृथ्वीपासून सुरुवात केली होती, मग वारा, आकाश, पाणी, अग्नी असं करत करत कबुतर, अजगर, मधमाशी, हत्ती, हरिण, मासा इथवर आलो. आजचा गुरू माणूस आहे. बाई आहे. विदेह नगरीत राहणारी गणिका आहे. आणि तिचं नाव घेताना अवधूत म्हणतो की हिच्याकडून मी काहीतरी शिकलो. 'हिचं बघून सावध झालो' असं म्हणत नाही, बरं का. पतंगाबद्दल, हत्तीबद्दल, माशाबद्दल तो तसं म्हणतो. पिंगलेकडून मात्र तो सरळ सरळ शिकलाय.

जे आजच वाचायला आलेत त्यांच्यासाठी दोन ओळी. श्रीकृष्ण निजधामाला जायच्या आधी उद्धवाला जो उपदेश करतो, त्यात ही जुनी गोष्ट येते. यदुराजाला एक अवधूत भेटतो. भागवतात त्याचं नाव नाही, पण आपल्याकडे परंपरेने तो दत्तात्रेय. वाडीला, गाणगापूरला जाणाऱ्या घरांतल्या मुलांनी 'दत्ताचे चोवीस गुरू' शाळेत जायच्या आधीच ऐकलेले असतात. नाथमहाराजांनी याच अकराव्या स्कंधावर मराठीत टीका लिहिली, तेच आपलं एकनाथी भागवत. पैठणला सुरू झालं आणि १५७३ मध्ये काशीत पूर्ण झालं.

यदु अवधूताला विचारतो, बाबा रे, सगळं जग वासनेच्या आणि लोभाच्या वणव्यात होरपळतंय, आणि तू गंगेच्या पाण्यात उभ्या असलेल्या हत्तीसारखा गार कसा?

हा प्रश्न यदुनेच विचारावा, याची मला फार गंमत वाटते. यदु कोणाचा मुलगा? ययातीचा! खांडेकरांची कादंबरी तुमच्यापैकी अनेकांनी वाचली असेल. भागवतातही नवव्या स्कंधात ती मूळ कथा आहे. म्हातारपण आल्यावर ज्याने मुलांकडे तारुण्य मागितलं, तो हा बाप. यदुने नाही म्हटलं, धाकट्या पुरूने दिलं. पुढे हजार वर्षं सगळं भोगून झाल्यावर ययाती कबूल करतो की आगीत तूप ओतून आग विझत नसते. म्हणजे 'अजून थोडं, अजून थोडं' या माणसाचं काय होतं हे यदुने स्वतःच्या घरात पाहिलंय. त्याने विचारलेला प्रश्न पुस्तकी नाही.

आता पिंगला.

संध्याकाळी ती नटूनथटून दारात उभी राहते. रस्त्यावरून माणसं जातायत. प्रत्येक माणूस दिसला की हिच्या मनात येतं, हा असेल, याच्याकडे पैसे असतील. तो पुढे निघून जातो. मग वाटतं, ठीक आहे, पुढचा कोणीतरी याच्याहून श्रीमंत येईल, जास्त देईल. दारात उभं राहायचं, कंटाळा आला की आत जायचं, आत गेलं की वाटतं नेमका आत्ता कोणी आला तर? म्हणून परत बाहेर. असं आत-बाहेर करता करता मध्यरात्र होते. झोप उडालेली, तोंड सुकलेलं, मन पार उतरलेलं. कोणीच येत नाही.

आणि मग काहीतरी होतं. पैशाच्या चिंतेतूनच तिला विलक्षण वीट येतो. भागवताचा शब्द 'निर्वेद'. ती स्वतःशी बोलायला लागते. अगदी जवळ, हृदयात बसलेला जो आहे, जो प्रेमही देतो आणि धनही देतो, त्याला सोडून मी कोणाकोणाची वाट बघत बसले! (मधे ती देहाबद्दल बरंच कठोर बोलते, हाडामांसाचं घर वगैरे. तो भाग वाचायला मला जड जातो, आज तिथे थांबत नाही.) मग ती एक नवल करण्यासारखी गोष्ट म्हणते. ही जी निराशा माझ्या वाट्याला आली, ती विष्णूची कृपाच असणार. मी खरी दुर्दैवी असते, तर मला असा वीट आलाच नसता. शेवटी ठरवते, जे आपोआप मिळेल त्यावर श्रद्धेने जगेन. अंथरुणावर जाऊन बसते. आणि सुखाने झोपते.

गोष्ट संपली.

इथे 'नैराश्य' हा शब्द येतो आणि मराठी वाचक अडखळतो. आशा हे सगळ्यात मोठं दुःख आणि नैराश्य हे सगळ्यात मोठं सुख, असा अवधूताचा निष्कर्ष आहे. आपल्याकडे आज नैराश्य म्हणजे डिप्रेशन. डॉक्टरकडे जायचं ते. (आणि ते असेल तर डॉक्टरकडेच जायचं, पोथी उघडून बसायचं नाही, हे इथे स्पष्ट लिहून ठेवते.) भागवतातलं नैराश्य वेगळं. निर्-आशा. आशेचा फास सुटणं. गंमत म्हणजे पिंगलेच्या त्या एका रात्रीत दोन्ही आहेत. बारा वाजता ती आपल्या अर्थाने निराश आहे, थोड्या वेळाने भागवताच्या अर्थाने. सांख्यसूत्रांत आशा सुटलेल्या सुखी माणसाचा दाखला द्यायचा झाला तेव्हा हिचंच नाव घेतलंय, इतकी ही झोप प्रसिद्ध आहे.

आता नीट बघा, बारापासून ती झोपेपर्यंत तिच्या घरात काय बदललं? एकही पैसा आला नाही. घर तेच, अंथरूण तेच, रात्र तीच. तिने सामान कमी केलं नाही, दागिने वाटून टाकले असंही भागवत म्हणत नाही. ती फक्त दारातून आत आली.

हे मी कितीदा वाचलं होतं. पारायणात वाचलं होतं. कळलं ते या वर्षी, आणि ते सांगायला जरा लाज वाटते.

आम्ही डोंबिवलीत भाड्याच्या वन बीएचकेत राहतो. नवरा, सासूबाई, चार वर्षांची लेक आणि मी. सासूबाई हॉलमध्ये झोपतात. गेल्या वर्षी पाडव्याला कल्याण-शीळ रस्त्यावर एका नव्या प्रकल्पातला सँपल फ्लॅट बघायला गेलो, 'नुसता बघायला काय जातंय' म्हणून. टू बीएचके. बाल्कनीत वेताच्या दोन खुर्च्या, मधल्या टेबलावर एक रिकामा कप ठेवलेला. तो कप माझ्या डोक्यात बसला. घरी आल्यावर नवरा म्हणाला, "त्या फ्लॅटला आत दारंच नव्हती, बघितलंस का? मोठा दिसावा म्हणून." मी बघितलंच नव्हतं.

हिशोब केला. हप्ता ४६ हजार. आमचं भाडं १४. मला अप्रेझलला अठरा टक्के मिळाले तर ओढूनताणून बसत होतं. साहेब म्हणाले होते, यंदा चांगलं होईल. झालं! तिथून माझं दारात उभं राहणं सुरू झालं. लोकलमध्ये घरांचं अ‍ॅप, जेवताना अ‍ॅप, लेकीला झोपवताना एका हाताने थोपटणं आणि दुसऱ्या हातात अ‍ॅप. तोच प्रकल्प, मग त्याच्या शेजारचा, मग आपल्या आवाक्यात कधीच न येणारे ठाण्यातले. लॅम्प, पडदे, सोफा सगळं विशलिस्टमध्ये. 'फक्त दोन तास शिल्लक' असं लिहून आलं की उगाच धस्स व्हायचं. घर नाही आणि पडद्यांचा सेल संपतोय म्हणून धस्स!

पत्रं ज्या दिवशी येणार होती त्या दिवशी ऑफिसने कळवलं, दिवसअखेर येतील. दिवसअखेर म्हणजे किती? सहाला बघितलं, आठला, दहाला. सगळे झोपले. मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी. मेल बघायचा, फोन पालथा ठेवायचा, पाणी प्यायचं, परत सुलटा करायचा. साडेबारा वाजता आला मेल. सात टक्के.

आणि तेव्हा, मंडळी, मला पिंगला आठवली असं लिहायला छान वाटलं असतं. तसं झालं नाही. मी रडले, चिडले, दुसऱ्या नोकरीच्या तीन जाहिराती उघडून बसले. मला आठवला तो आवाज. ओट्याजवळचा नळ ठिबकत होता. टप... टप... आणि लक्षात आलं की हा गेले आठ महिने ठिबकतोय. दर वेळी म्हटलं होतं, जाऊ दे, आता आपण इथे थोडेच दिवस आहोत. खिडकीची जाळी फाटली होती, ती याच कारणासाठी बदलली नव्हती. लेकीला भिंतीवर तिची चित्रं लावायची होती, 'नवीन घरी लावू हं' म्हणून ती कपाटावर गुंडाळून ठेवली होती. दिवाळीला मैत्रिणींना बोलावलं नाही, 'पुढच्या वर्षी तिकडेच या' म्हटलं. आठ महिने मी ज्या घरात राहत होते त्या घरात मी नव्हतेच. मी दारात होते.

पिंगला दुसऱ्या दिवशी सकाळी लोकलमध्ये आठवली. तीही मध्यरात्रीपर्यंत आत-बाहेर करत होती, पण घरात अशी नव्हतीच की!

लोभ म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे सोन्याच्या नाण्यांवर बसलेला कोणी शेठ येतो. त्यामुळे आपण बिनधास्त सुटतो, कारण आपल्याकडे नाणी नसतात. पिंगलेकडेही त्या रात्री काही नव्हतं. तिला बांधून ठेवलं होतं ते तिच्याकडे नसलेल्या गोष्टीने. आणि ती वेडी नव्हती. आधी कधीतरी कोणीतरी आला असणार, चांगले पैसे दिले असणार, म्हणून तर उभी होती. कधी येईल याचा नेम नाही, हाच तो गळ. विसाव्या शतकात बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग केले. चोच मारल्यावर कधी दाणा मिळतो, कधी नाही, आणि कधी मिळेल हे कळायला मार्ग नाही, अशी व्यवस्था केली की कबुतर चोच मारतच राहतं. दाणे बंद केले तरी बराच वेळ मारत राहतं. तुमचा-माझा अंगठा स्क्रीनवर खालीवर होतो ना, तो असाच. पिंगलेला निदान दारापर्यंत चालत जावं लागायचं. आपलं दार तळहातावर असतं आणि रात्री उशीखाली असतं.

यावर तुमच्यापैकी कोणीतरी विचारणारच. मागे अजगराच्या दिवशी विचारलंच होतंत. म्हणजे मोठं घर मागायचं नाही? पगार वाढवून मागायचा नाही? सासूबाईंनी हॉलमध्येच झोपायचं?

नाही हो. गरिबाला 'समाधान मान' सांगणं फार सोपं असतं, आणि सांगणारा बहुतेक वेळा पोटभर जेवलेला असतो. माझ्या आजीकडे वस्तू कमी होत्या म्हणून ती सुखी होती, असं मी कधीच लिहिणार नाही. पाट्यावर वाटून वाटून तिचा खांदा कायमचा धरला होता. मिक्सर आला त्या दिवशी तिने त्याला हळदकुंकू लावलं आणि शेजारच्या दोघींना चटणी करून दाखवली. तो आनंद पूर्ण खरा होता. अवधूत संन्यासी आहे, उद्यासाठी साठवू नये असं तो म्हणतो ते भिक्षेबद्दल. मेडिक्लेम आणि एसआयपी बंद करून त्याचा शिष्य होता येणार नाही. यदुचंच बघा. हे सगळं ऐकून तो आसक्तीतून सुटला, समचित्त झाला, असं भागवत सांगतं. राज्य सोडून गेला असं सांगत नाही.

गृहस्थाला काय, हे सातव्या स्कंधात आहे. नारद युधिष्ठिराला सांगतात, आणि तिथली भाषा अजिबात गोड नाही. पोट भरेल तेवढ्यावरच माणसाचा हक्क, त्याहून जास्त आपलं म्हणणारा चोर, तो शिक्षेला पात्र. युधिष्ठिर सम्राट आहे, त्याला तोंडावर हे सांगितलंय. हा श्लोक वाचला की मी माझ्या साड्यांच्या कपाटाकडे बघत नाही. पण बघायला हवं. कारण हाव फक्त माझी झोप घालवते एवढंच असतं तर तो माझा खाजगी प्रश्न होता. नारद म्हणतात, ते दुसऱ्याच्या ताटातलं आहे.

त्याच संवादात थोडं पुढे नारदांची एक उपमा आहे, ती मला फार आवडते. ज्याच्या पायात वहाणा आहेत त्याला खडे-काटे टोचत नाहीत, तसं संतुष्ट मनाच्या माणसाला सगळ्या दिशा सुखाच्या. रस्ता तोच, खडेही तिथेच. आणि वहाणा घालून माणूस बसून राहत नाही, चालतो. मी अजून दुसरी नोकरी शोधतेय. साहेबांशी बोललेही, की सात टक्के मला मान्य नाही आणि का नाही. आवाज न कापता बोलले, हे मला नवीन होतं. मोठं घर हवंय, सासूबाईंना खोली हवीय. ती गरज आहे. ते क्लब हाऊस, ती वेताची खुर्ची आणि तो रिकामा कप, ती गरज नव्हती, हेही आता कळतं. दोन्ही एकाच यादीत मी इतके दिवस कसे लिहीत होते कोण जाणे.

साधना म्हणून काय केलं, असं विचाराल तर फार काही नाही. अ‍ॅपमधला सेव्ह केलेला शोध काढून टाकला. काढताना हात अडखळला, आणि चार दिवसांनी परत अ‍ॅप उघडलं, हेही सांगते. आता मी पिंगलेचा प्रश्न विचारते, मी आत्ता दारात आहे की घरात? दिवसातून कितीतरी वेळा उत्तर 'दारात' असंच येतं. मग नामाचा आधार घ्यायचा. पिंगलाही नुसती आशा सोडून रिकामी राहिली नाही, जवळच बसलेल्याकडे वळली. 'कमी वस्तूंत जगा' सांगणारे परदेशी व्हिडिओ मीही पाहिलेत. पांढऱ्या भिंती, एक झाड, एक खुर्ची. तेही मला शेवटी एक हवंसं वाटणारं घरच वाटतं! रिकाम्या घराचीही हाव सुटते. पिंगलेची खोली कशी होती, भरलेली की रिकामी, याबद्दल भागवत चकार शब्द काढत नाही.

आणखी एक गोष्ट भागवत सांगत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पिंगलेने काय केलं? धंदा सोडला का, कुठे गेली, पोट कसं भरलं? मिळेल त्यावर जगेन, एवढंच तिचं ठरलेलं. मला पूर्वी वाटायचं की व्यासांनी गोष्ट अर्धवट सोडली. आता वाटतं, ती झोपलीय, तिला झोपू द्यावं.

रविवारी प्लंबर आला. नळाचा वायसर गेला होता, नवा पंधरा रुपयांचा. बसवायला त्याला पाच मिनिटं लागली. लेकीने तिची चित्रं हॉलमध्ये सासूबाईंच्या गादीच्या वर लावलीयत, सगळी थोडी तिरकी.

उद्या अध्याय ९, कुरर पक्षी. चोचीत मांसाचा तुकडा असलेला. ज्यांच्याकडे एकनाथी भागवत आहे त्यांनी नववा अध्याय काढून ठेवा.

जय हरी. श्रीगुरुदेव दत्त.